पाणमांजर मासे खातं, हे आधी कबूल करा

उन्हाळ्यात नद्या आटून डोहांपुरत्या उरल्या की एक जुना वाद दरवर्षी नव्यानं पेटतो. एक बाजू म्हणते, पाणमांजरं फार झाली आहेत, जाळी फाडतात, मासा ठेवत नाहीत, त्यांचा बंदोबस्त करा. दुसरी बाजू पाठीवर तरंगत एकमेकांचे पंजे धरून झोपलेल्या जोडीचा फोटो टाकते आणि खाली लिहिते की हा निष्पाप जीव कुणाचंच नुकसान करत नाही, उलट त्याच्यामुळेच नदीत मासा टिकून आहे. त्या फोटोतला प्राणी प्रशांत महासागरातलं सागरी पाणमांजर असतो. आपल्या नद्यांतलं पाणमांजर असं पाण्यावर झोपत नाही. ते काठावरच्या बिळात, खडकांच्या कपारीत किंवा झाडाच्या मुळांच्या आडोशाला झोपतं. अशानं वाद होतो, पण ज्या प्राण्याबद्दल आणि ज्या माणसाबद्दल तो आहे, ते दोघंही बाजूलाच राहतात.

पाणमांजर मासे खातं. जाळ्यातला मासा ओढून नेताना जाळंही फाडतं. हे मोकळेपणानं मान्य केल्याशिवाय त्याच्या संरक्षणाची एकही योजना नदीकाठी टिकणार नाही, असं माझं ठाम मत आहे. तितकंच ठाम मत हेही की नदीतला मासा पाणमांजरानं संपवलेला नाही. ज्या कारणांनी मासा आटतो आहे, त्याच कारणांनी पाणमांजरही आटतं आहे. वाळू, काठ आणि धरणातून सुटणारं पाणी यांबद्दलचे निर्णय तसेच ठेवून नुसती पाणमांजरं हटवली, तर मच्छिमाराच्या पाटीत फारशी भर पडणार नाही.

भारतात पाणमांजराच्या तीन जाती आहेत. हिमालयातल्या थंड नद्यांपासून मध्य भारतातल्या जंगली ओढ्यांपर्यंत विखुरलेलं युरेशियन पाणमांजर. डोंगरी ओढ्यांत दगडांखालचे खेकडे चाचपणारं, आखूड नखांचं छोटं पाणमांजर. आणि मोठ्या नद्या, जलाशय, खाड्या, खारफुटी इथं कुटुंबानं राहणारं गुळगुळीत केसांचं पाणमांजर, शास्त्रीय नाव लुट्रोगेल पर्स्पिसिलाटा. वाद बहुतेक वेळा या तिसऱ्याचाच असतो. चंबळ, कावेरी, तुंगभद्रा, पेरियार, कोकण-गोव्यातल्या खाड्या आणि खाजणं ही त्याची घरं. भारतातलं हे सर्वांत वजनदार पाणमांजर: पूर्ण वाढलेलं 7 ते 11 किलोचं, शेपटीसकट लांबी मीटरभराहून जास्त. एकटं क्वचितच दिसतं. नर, मादी, यंदाची पिल्लं आणि बरेचदा आदल्या वर्षीची पिल्लं असं चार-पाचांपासून दहा-अकरांपर्यंतचं कुटुंब असतं. मादी दोन महिने गाभण राहते, एका वेताला दोन ते पाच पिल्लं होतात आणि ती चार महिन्यांहून अधिक काळ आईच्या दुधावर असतात. संख्या भराभर वाढेल असा हा संसार नाही.

आता कबुलीची बाजू, आकड्यांसकट. एक मोठं पाणमांजर दिवसाला साधारण किलोभर खातं. त्यातला बहुतेक भाग मासा. उरलेला खेकडे, कोळंबी, बेडूक, पाणकिडे, क्वचित एखादा पक्षी. सहा जणांचं कुटुंब धरलं तर रोजचे सहा किलो, वर्षाला बावीसशे किलोच्या घरात. संरक्षणाच्या बाजूचे लोक हा हिशोब टाळतात, तो टाळू नये. पण मग तो नदीवर पसरूनही पाहावा. असं कुटुंब नदीची आठ-दहा किलोमीटर लांबी वापरतं, म्हणजे किलोमीटरमागे दिवसाला सहाशे ते साडेसातशे ग्रॅम. शिवाय बाजारात ज्याला भाव आहे तोच मासा ते वेचून खातं असंही नाही. कुटुंब मिळून पाण्यात अर्धगोल धरतं, माशांना उथळाकडे रेटतं आणि जो आधी हाती लागेल तो खातं. सिंगापूरमध्ये याच जातीच्या विष्ठेतले खवले आणि काटे तपासले गेले, तेव्हा सर्वांत जास्त निघाले ते टिलापियाच्या कुळातले, बाहेरून आणून सोडलेले मासे. आपल्या तलावांत टिलापियानं देशी मासा मागे सारला, ही तर मच्छिमारांचीच तक्रार आहे.

एवढ्यावर थांबलं तर मात्र अन्याय होईल, कारण सरासरी फसवी असते. तो सहा किलोंचा हिशोब दहा किलोमीटरवर सारखा वाटला जात नाही. एखाद्या रात्री तो सगळाच्या सगळा एका माणसाच्या जाळ्यावर येतो. तंगूसाचं, म्हणजे एकपदरी नायलॉन धाग्याचं, जाळं संध्याकाळी पाण्यात भिंतीसारखं उभं सोडतात आणि पहाटे उचलतात. कल्ल्यांत अडकलेला मासा रात्रभर धडपडतो. पाणमांजराच्या मिशांना पाण्यातली अशी हालचाल अंधारातही कळते. ते माशाला पोटाशी धरतं आणि ओढतं. मासा सुटत नाही, आस (जाळ्याची घरं) तुटतात, एक तुटला की शेजारचे चार सैल होतात. पहाटे हातात येतो तो अर्धा खाल्लेला मासा आणि त्यातून हात सहज आरपार जाईल असं भोक. तंगूस सुतासारखा सांधता येत नाही. गाठ घसरते, म्हणून बहुतेकदा तेवढा पट्टाच बदलावा लागतो. ज्याची मिळकत रोजच्या पाटीवर आहे, त्याला "परिसंस्थेचा समतोल" समजावून सांगणं क्रूरपणाचं आहे. शेततळ्यात किंवा ठेक्यानं घेतलेल्या तलावात तर नुकसान आणखी जड असतं. पावसाळ्यात सोडलेली बोटुकली (माशांची बोटभर पिल्लं) पैसे देऊन आणलेली असते आणि पळून जायला माशाला दुसरी जागा नसते.

मग "पाणमांजरं वाढली" हे तरी खरं का? उन्हाळ्यात ती जास्त दिसतात, यात शंका नाही. पण का दिसतात? नदी वाहती असते तेव्हा कुटुंब दहा किलोमीटरांत फिरतं. मार्च-एप्रिलमध्ये तीच नदी पाच-सात डोहांत तुटते. मासा तिथं गोळा होतो, पाणमांजर तिथंच येतं, मच्छिमारही तिथंच येतो. पाणी जितकं कमी, तितक्या गाठीभेटी जास्त. दोन कुटुंबांच्या जागी एकच उरलं तरी ते दुप्पट वेळा दिसू शकतं. म्हणून दिसण्यावरून संख्या ठरवू नये, विष्ठेवरून ठरवावी. ही जात विष्ठेसाठी ठरलेल्या जागा वापरते: पाण्यालगतचा सपाट खडक, वाळूचा उंचवटा, खाजणाच्या बांधाची कड. सगळं कुटुंब तिथंच बसतं, तुडवतं, लोळतं. ताजी विष्ठा काळपट, ओली आणि मासळीच्या उग्र वासाची. जुनी झाली की पांढरट होऊन नुसते खवले आणि काटे उरतात. अशा जागांची नदीभर नोंद करून, वर्षाच्या त्याच महिन्यात, तेवढ्याच लांबीत, ताज्या किती आणि ओसाड किती हे मोजलं तर चार-पाच वर्षांत कल कळतो. हे काम मच्छिमारांकडूनच करून घ्यावं. त्या जागा त्यांना आधीच माहीत असतात.

नदीतला मासा गेला कुठे, याचं उत्तर मच्छिमारांना पाणमांजरापेक्षा चांगलं ठाऊक आहे. जिलेटिनची कांडी डोहात टाकली की वर तरंगणाऱ्या माशांपेक्षा तळाला जाऊन कुजणारे जास्त असतात, आणि त्या दणक्यात बोटुकली, अंडी, किडे सगळंच मरतं. विषारी पावडर ओतणं, विजेच्या तारेवर आकडा टाकून पाण्यात प्रवाह सोडणं, मच्छरदाणीएवढ्या बारीक आसाचं जाळं ओढणं, हे सगळं त्याच माळेतलं. स्फोटकं आणि विष वापरून मासे मारण्यावर बंदी घालणारा कायदा 1897चा आहे, म्हणजे सव्वाशे वर्षं उलटली. पाणमांजराला वैरी ठरवणाऱ्या किती सभांमध्ये या कायद्याच्या अंमलबजावणीची मागणी होते? त्यावर धरणं: प्रवाहाविरुद्ध चढून अंडी घालणाऱ्या माशांची वाट बंद झाली. त्यावर साखर कारखान्यांचं आणि शहरांचं सांडपाणी. त्यावर वाळू. या यादीत पाणमांजराचे किलोमीटरमागचे सहाशे ग्रॅम कितव्या क्रमांकावर बसतात, हे ज्यानं त्यानं प्रामाणिकपणे ठरवावं.

इंग्लंडनं ही चूक पुरती करून पाहिली आहे. 1566च्या एका कायद्यानं तिथं पाणमांजराच्या डोक्याला दोन पेनी इनाम लावलं होतं, खंड्यालाही सोडलं नव्हतं. पुढे शिकारी कुत्र्यांच्या झुंडी घेऊन पाणमांजराची शिकार करणं हा खेळ झाला आणि तो विसाव्या शतकापर्यंत चालला. या शिकारी मंडळांनी वह्या नेटक्या ठेवल्या होत्या: किती दिवस शिकारीला गेलो, किती पाणमांजरं सापडली. संशोधकांनी त्या वह्या नंतर पाहिल्या तेव्हा दिसलं की 1957च्या सुमारास आकडा एकदम कोसळला, आणि एकाच खोऱ्यात नव्हे, मोठ्या प्रदेशात एकाच वेळी. शतकानुशतकांच्या शिकारीनं जे झालं नव्हतं ते दोन-चार हंगामांत का झालं? बियाण्याला चोळायला आणि मेंढ्या बुडवून धुवायला डील्ड्रिनसारखी कीटकनाशक औषधं त्याच दशकात आली होती. ती पाण्यात गेली, माशांच्या चरबीत साठली आणि माशांवर जगणाऱ्याच्या अंगात मुरली. औषधं मागे घेतली गेली, 1978मध्ये शिकार बंद झाली, आणि 2011मध्ये इंग्लंडच्या शेवटच्या परगण्यात पाणमांजर परतल्याची नोंद झाली. नदीकाठी जे मरताना दिसतं, त्याचं कारण नदीकाठीच असेल असं नाही, हे त्या वह्यांनी दाखवलं. आपल्याकडे एंडोसल्फान या कीटकनाशकावर सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली ती 2011मध्ये.

याहून जवळचं उदाहरण बांगलादेशातलं आहे. नडाइल आणि सुंदरबनच्या भागात काही मच्छिमार कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या याच जातीची पाणमांजरं पाळून मासेमारी करत आली. रात्री नावेच्या कडेला जाळं सोडतात, लांब बांबूला दोरीनं बांधलेली दोन मोठी पाणमांजरं पाण्यात उतरवतात, शिकाऊ पिल्लं त्यांच्यामागे मोकळी पोहतात. ती काठाच्या गवतातून, मुळांतून मासे, कोळंबी, खेकडे हुसकून जाळ्याकडे रेटतात. मिळालेल्या मासळीतला वाटा त्यांना मिळतो. आता हा धंदा मोजक्या घरांत उरला आहे. तिथं पाणमांजर मच्छिमाराच्या बाजूनं काम करत होतं, तरीही नदी रिकामी झालीच. गाळानं, विषानं, बारीक जाळ्यांनी झाली. पाणमांजर हेच कारण असतं, तर सर्वांत आधी याच घरांतल्या लोकांनी ते सांगितलं असतं.

आता संरक्षणाच्या बाजूचे कच्चे दुवे, कारण तेही कमी नाहीत. "पाणमांजर असलं की मासे वाढतात" हे वाक्य सर्रास फेकलं जातं. त्यामागची मूळ गोष्ट सागरी पाणमांजराची आहे: ते समुद्री साळू (सी अर्चिन, काटेरी गोल कवचाचा प्राणी) खातं, साळू कमी झाले की समुद्रशैवालाची जंगलं वाढतात आणि त्यांत मासे वाढतात. फर व्यापारानं ते जवळजवळ संपवलं होतं, 1911च्या करारानं वाचलं, आणि जिथं परतलं तिथं हा परिणाम नीट मोजला गेला. पण आपल्या नदीत ना साळू आहेत ना ते शैवाल. पॅसिफिकच्या किनाऱ्यावरचा निष्कर्ष भीमेच्या डोहावर लावला की मच्छिमार पहिल्या वाक्यालाच ऐकणं सोडतो, आणि त्याचं बरोबर असतं. दुसरं वाक्य: "पाणमांजर म्हणजे स्वच्छ पाण्याची खूण." सिंगापूरकडे पाहा. 1977 ते 1987 या काळात तिथली नदी उपसून साफ झाली, 1990च्या दशकाच्या शेवटी ही पाणमांजरं परतली, आणि आज काँक्रीटच्या कालव्यांत, इमारतींच्या सावलीत त्यांची कुटुंबं नांदतात. ती बागांमधल्या तळ्यांतले महागडे कोई मासेही फस्त करतात. याचा अर्थ या जातीला नितळ झरा लागत नाही. तिला लागतो पुरेसा मासा, लपायला काठ, पिल्लांसाठी कोरडी जागा आणि मारायला न येणारी माणसं. विषारी पाणी तिला मारतं, पण ती दिसली म्हणून पाणी पिण्याजोगं ठरत नाही.

आणि ते गोंडस फोटो. पाणमांजर घरात पाळावं अशी इच्छा त्यांतूनच वाढते, आणि आग्नेय आशियात छोट्या जातीच्या पिल्लांचा व्यापार याच मागणीवर पोसला गेला. ऑगस्ट 2019मध्ये जिनिव्हात झालेल्या साइट्सच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, बैठकीत गुळगुळीत केसांची आणि आखूड नखांची अशा दोन्ही जाती पहिल्या परिशिष्टात गेल्या, म्हणजे त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यावसायिक व्यापार बंद झाला. त्या प्रस्तावांमागे भारतही होता. अशा वेळी आपणच मांडीवरच्या पाणमांजराच्या चित्रफिती कौतुकानं पुढे ढकलत असू, तर ते त्या निर्णयाच्या उलट काम आहे.

विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम दाखला अमेरिकेतल्या मिसुरी राज्याचा आहे. तिथं पाणमांजर जवळपास नाहीसं झालं होतं. 1982 ते 1992 या दहा वर्षांत लुइझियानातून आणलेली आठशेहून अधिक पाणमांजरं तिथल्या नद्यांत सोडली. ती अपेक्षेपेक्षा भराभर वाढली, मत्स्यतळ्यांचं नुकसान होऊ लागलं, छोट्या झऱ्यांतल्या गळाच्या माशांवर परिणाम झाल्याच्या तक्रारी आल्या, आणि 1996मध्ये परवान्यानं सापळे लावायला परवानगी द्यावी लागली. म्हणजे पाणमांजर कधीच डोईजड होत नाही, असं म्हणता येणार नाही. पण हा दाखला पूर्ण वाचावा. ती जात वेगळी, तिथं आधी मोजणी झाली, मग निर्णय झाला. आपल्याकडे मोजणी नाही, बहुतेक नद्यांतून ही जात हद्दपार होत आली आहे, आणि तिच्या कातडीला चोरटा बाजार आहे. अशा ठिकाणी "थोडी मारू द्या" या परवानगीचा फायदा कुणाला होईल?

तो चोरटा बाजार या वादात कुणी मोजत नाही. या प्राण्याच्या अंगावर चरबीचा थर नसतो. थंडीपासून वाचवतात ते दोन थरांचे केस: वरचे 12 ते 14 मिलिमीटरचे, खालची दाट लव 6 ते 8 मिलिमीटरची, आणि लवेत अडकलेली हवा. तीच दाट लव कातडीची किंमत वाढवते. भारतातून चोरून गेलेली कातडी तिबेटी पेहरावाच्या काठांना लागायची. 2006मध्ये दलाई लामांनी जंगली प्राण्यांची कातडी अंगावर घालू नका असं सांगितलं, तेव्हा तिबेटमध्ये लोकांनी आपले किमती पोशाख उघड्यावर जाळले. मागणीला त्यानं मोठा धक्का बसला, तरी सापळे लावणारे हात आपल्या नद्यांवर राहिलेच. सापळेवाल्याला हवी असते एकच माहिती: बीळ कुठे आहे, विष्ठेची जागा कुठे आहे. ती माहिती त्याला कोण देतं? ज्याचं जाळं काल फाटलं तो. 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा पाणमांजराच्या शिकारीला बंदी घालतो, पण रात्रीच्या डोहावर वनरक्षक नसतो, मच्छिमार असतो. त्याची नाराजी हाच संरक्षणातला सर्वांत मोठा धोका आहे, आणि त्याचं समाधान हाच सर्वांत स्वस्त पहारा.

"मग पकडून लांब सोडा" हा मधला मार्ग बरा वाटतो, पण तो चालत नाही. एक-दोन प्राणी पिंजऱ्यात येतात, बाकीचं कुटुंब मागे राहतं. दुधावरची पिल्लं उपाशी मरतात. नव्या जागी आधीचं कुटुंब असेल तर मारामारी होते. नसेल, तर ते का नाही हा प्रश्न उरतो: बहुधा तिथं मासा किंवा काठच शिल्लक नसतो. आणि रिकाम्या झालेल्या डोहात मासा असेल, तर काही महिन्यांत शेजारचं कुटुंब हद्द वाढवून तिथं येतं. म्हणजे कष्ट, पैसा आणि जीव जाऊन जाळं पुन्हा फाटतंच.

काठाचं महत्त्व इथंच येतं. पाण्यातून बाहेर आलेलं पाणमांजर आधी काय करतं ते पाहावं. ते वाळूवर लोळतं, पाठ घासतं, मान घासतं, गवतात शिरून पुन्हा घासतं, मग एकमेकांचे केस चाटून सारखे करतं. हा खेळ वाटतो, पण भिजून चिकटलेली लव सुटी झाली नाही तर तिच्यात हवा भरत नाही आणि पुढच्या बुडीत अंग गारठतं. वाळूचा पट्टा ही त्याची रोजची गरज आहे. सक्शन पंप लावून तोच पट्टा उपसला की घासायची जागा जाते, विष्ठेची जागा जाते, काठ खालून पोकळ होऊन ढासळतो आणि बिळं बुजतात. त्याच वाळूत-गोट्यांत अंडी घालणारा मासाही जातो. इराकच्या दलदलीत याच जातीची एक वेगळी उपजात राहते. 1990च्या दशकात बांध घालून ती दलदल जवळजवळ पूर्ण सुकवली गेली, तेव्हा ही उपजात संपली अशीच भीती होती. 2003नंतर पाणी परतलं आणि ती तग धरून असल्याचे पुरावे मिळाले. शिकार सोसूनही हा प्राणी काही काळ टिकतो. काठ आणि पाणी गेलं की टिकत नाही.

पाण्याचंही तसंच. पिल्लं हिवाळ्यात बिळात असतात, नदी उतरत असते, म्हणून मादी बीळ पाण्याच्या जवळ निवडते. तेव्हाच धरणातून रब्बीच्या पाण्याचं आवर्तन सुटतं. रात्रीतून पाणी दोन-तीन फूट चढलं तर डोळे न उघडलेलं पिल्लू बाहेर पडू शकत नाही. आवर्तन बंद करा असं कुणी म्हणत नाही, शेतीला पाणी लागतंच. पण तेवढंच पाणी दोन दिवसांत टप्प्याटप्प्यानं चढवत सोडता येतं, आणि बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) एकदम न काढता काही काही करून काढता येतात. यात पाण्याचा एक थेंबही वाया जात नाही. खाली उतरलेल्या जाळ्यांना आणि पंपांनाही ते सोयीचं असतं.

हे होत नाही याचं कारण सोपं आहे. पाणमांजर वन विभागाचं, मासा मत्स्यव्यवसाय विभागाचा, पाणी जलसंपदा विभागाचं, आणि वाळू व काठ महसूल विभागाचा. वाळूगटाचा लिलाव करताना तिथं बिळं आहेत का हे कुणी विचारत नाही, कारण विचारणं कुणाच्याच कामात लिहिलेलं नाही. कर्नाटकानं 2015मध्ये तुंगभद्रेचा 34 किलोमीटरचा पट्टा पाणमांजरासाठी संवर्धन राखीव म्हणून जाहीर केला. अभयारण्यात लोकांच्या हक्कांवर जशी गदा येते तशी या प्रकारात येत नाही, म्हणून नदीला तो जास्त शोभतो. आपल्याकडे तर कायद्याच्या आधीपासूनचे राखीव डोह आहेत. महाडजवळ काळ नदीतला वाळणकोंड, वैतरणेवरचं तिळसे: देवाचे मासे म्हणून तिथं कुणी जाळं टाकत नाही, आणि महसीर मासा टिकून आहे. डोह राखला की त्याच्या वरच्या-खालच्या पाण्यात मासा पसरतो, हे आपल्या पूर्वजांना कळलं होतं. दर पाच-सहा किलोमीटरला एक डोह गावानं असा मोकळा ठेवला आणि त्याच्या दोन्ही काठांचा तीसेक मीटरचा पट्टा नांगर, जेसीबी आणि वणवा यांपासून वाचवला, तर पाणमांजराला घर मिळेल आणि उरलेल्या पाण्यात जाळ्यालाही मासा.

तोपर्यंत जाळी फाटणारच, म्हणून भरपाईचा प्रश्न पुढे ढकलता येत नाही. त्याला नमुनाही तयार आहे. डिसेंबर 2018मध्ये महाराष्ट्रानं समुद्रातल्या मच्छिमारांसाठी योजना आणली: जाळ्यात देवमासा, कासव किंवा बहिरी मुशी (व्हेल शार्क) अशी संरक्षित जात अडकली आणि जाळं कापून ती सोडली, तर फोटो किंवा चित्रफितीच्या पुराव्यावर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई. समुद्रातल्या जाळ्याला जो न्याय मिळाला तो नदीतल्या जाळ्याला का नाही? मत्स्यतळ्यांसाठी कुंपणाला अनुदान द्यावं: 5 सेंटिमीटरपेक्षा बारीक आसाची ताठ तारजाळी, जमिनीवर 1.2 ते 1.5 मीटर, वरची टोकं बाहेर वाकवलेली, खालचा फूटभर भाग बाहेरच्या बाजूला पुरलेला. कुंपण बहुतेकदा फसतं ते पाणी आत येण्याच्या पाइपाशी आणि सांडव्याशी, कारण ती तोंडं उघडीच राहतात. तिथंही जाळी हवी. सौर तार लावली तर ती जमिनीपासून वीतभर उंचीवर असावी आणि पावसाळ्यात तिला टेकणारं गवत दर पंधरवड्याला कापावं, नाहीतर झटका गवतातून जमिनीत उतरतो. पिशवीसारख्या सापळाजाळ्यांच्या तोंडाशी ब्रिटनमध्ये 85 मिलिमीटरच्या चौकोनांची ताठ चौकट बसवतात: मासा आत जातो, पाणमांजराचं डोकं जात नाही. आपल्या छोट्या जातीसाठी ते माप आणखी कमी करावं लागेल. तंगूसाचं जाळं रात्रभर न ठेवता दोन-तीन तासांनी उचललं, आणि विष्ठेच्या जागेसमोर टाकलंच नाही, तर नुकसान कमी होतं आणि जाळ्यात गुरफटून बुडणारी पिल्लंही वाचतात.

पंचनामा मात्र सकाळीच व्हायला हवा, मच्छिमार संस्थेच्या माणसानं आणि वनरक्षकानं मिळून. जाळं हलवण्याआधी भोकाचा फोटो, अर्धवट खाल्लेला मासा, काठावरच्या चिखलात पाच बोटांची पडद्याची पावलं, जवळच्या खडकावर ताजी विष्ठा: एवढ्यावर पाणमांजर की कासव की वाहून आलेलं झुडूप, हे ठरवता येतं. पैसे महिन्याच्या आत मिळायला हवेत. मार्चमध्ये फाटलेल्या जाळ्याचे पैसे दिवाळीत आले, तर मधल्या काळात मच्छिमारानं कर्ज काढून नवं जाळं घेतलेलं असतं, आणि बिळाची जागा विचारणारा माणूस त्याच्या दारात येऊन गेलेला असतो.